एपीआयमधून आलेला बाजारभाव कसा गाळायचा आणि क्रमाने कसा लावायचा? एसक्यूएलसारख्या क्वेरी, सोप्या मराठीत

मागच्या सोयाबीनच्या हंगामात मी अप्पांना व्हॉट्सॲपवर एक मेसेज पाठवला : "आज सगळ्यात जास्त भाव उदगीरला आहे." मी इंजिनिअर, आकडे सरकारी पोर्टलवरून आलेले, शीटमध्ये व्यवस्थित लावलेले. अप्पांनी विश्वास ठेवला, टेम्पो केला आणि माल घेऊन गेले. संध्याकाळी त्यांचा फोन आला. "अरे, लातूरलाच जास्त होता की! क्विंटलमागं शंभरेक रुपये गेले. वरून भाडं येगळंच."

पोर्टलवरचे आकडे बरोबर होते. चूक माझ्या क्वेरीत होती. मी आधी दहाच ओळी मागवल्या आणि मग त्या दहा ओळींतला सगळ्यात मोठा आकडा काढला. लातूर त्या दहात नव्हतंच.

ही चूक कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये झाली तर मार्क जातात. घरच्या मालाच्या बाबतीत झाली तर पैसे जातात. म्हणून आज एपीआयमधून आलेली माहिती एसक्यूएलसारख्या क्वेरीने कशी गाळायची आणि क्रमाने कशी लावायची ते नीट बघू. मोबाईल आणि गूगल शीट्स एवढंच लागेल.

(एक सूचना : वाचायला सोपं जावं म्हणून इथे सगळ्या क्वेरी मराठी लिपीत दिल्या आहेत. शीटमध्ये टाकताना त्या इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टाकायच्या.)

एपीआय आणि क्वेरी म्हणजे काय?

वेबसाइट माणसांनी वाचायला असते. एपीआय दुसऱ्या प्रोग्रामने वाचायला असतो. तुम्ही एक लिंक उघडता आणि समोरून रंग, जाहिराती, फोटो असं काही न येता नुसती माहिती येते. ती बहुतेक वेळा जेसन, एक्सएमएल किंवा सीएसव्ही या स्वरूपात असते. सीएसव्ही सगळ्यात साधं : प्रत्येक ओळ म्हणजे एक नोंद, आणि मध्ये स्वल्पविराम.

माहिती येते ती ढिगाने. त्यातून आपल्याला हवं तेवढं काढायला जो प्रश्न ठराविक भाषेत विचारतो, ती क्वेरी. या भाषांमध्ये सगळ्यात प्रसिद्ध एसक्यूएल. आयबीएममध्ये डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७० च्या दशकात ती तयार केली. तेव्हा तिचं नाव 'सीक्वेल' होतं. आजही बरेच लोक तिला 'सीक्वल'च म्हणतात, ते त्यामुळेच.

एसक्यूएल मुळात डेटाबेससाठी होती. वेब सर्व्हिसलाही त्याच भाषेत विचारता आलं तर? याहूने २००८ मध्ये 'वायक्यूएल' नावाची सेवा याच कल्पनेवर आणली होती. वेगवेगळ्या वेबसाइटची माहिती जणू टेबल आहे असं समजून 'सिलेक्ट... फ्रॉम... व्हेअर' लिहायचं. जानेवारी २०१९ मध्ये ती सेवा बंद झाली. कल्पना मात्र टिकली, आणि आज आपल्या सगळ्यात जवळचं तिचं रूप म्हणजे गूगल शीट्समधलं 'क्वेरी' हे फंक्शन.

भाव येतात कुठून?

केंद्र सरकारचं खुल्या माहितीचं पोर्टल आहे : डेटा डॉट जीओव्ही डॉट इन. त्यावर देशभरातल्या बाजार समित्यांचे रोजचे भाव एपीआयने मिळतात. ही माहिती मुळात 'ॲगमार्कनेट'ची. बाजार समित्यांनी नोंदवलेले भाव तिथे जमा होतात.

एका नोंदीत साधारण दहा रकाने असतात. शीटमध्ये ते असे बसतात :

- ए : राज्य
- बी : जिल्हा
- सी : बाजार
- डी : शेतमाल
- ई : वाण
- एफ : प्रत
- जी : तारीख
- एच : किमान दर
- आय : कमाल दर
- जे : सर्वसाधारण दर (इंग्रजीत 'मोडल')

दर रुपयांत आणि प्रतिक्विंटल असतात. सुरू करण्याआधी पहिली ओळ बघून रकान्यांचा क्रम एकदा तपासा. क्रम वेगळा असेल तर क्वेरीतलं अक्षर बदला.

पोर्टलवर मोफत नोंदणी केली की तुमची स्वतःची एपीआय की मिळते. तिथे नमुन्याची कीसुद्धा दिलेली असते, पण तिच्यावर जास्तीत जास्त दहाच नोंदी येतात. माझा घोटाळा नेमका इथेच झाला.

चाळणी दोन ठिकाणी असते

हे एकदा समजलं की अर्धं काम झालं.

*पहिली चाळणी लिंकमध्ये.* एपीआयच्या लिंकमध्येच 'राज्य महाराष्ट्र, शेतमाल सोयाबीन' असं सांगता येतं. याला फिल्टर म्हणतात. मग सर्व्हर तेवढ्याच नोंदी पाठवतो. डेटा कमी लागतो, फोन अडकत नाही. फिल्टरची नेमकी नावं पोर्टलवरच्या एपीआयच्या पानावर असतात. ती तिथूनच कॉपी करा, अंदाजाने टाईप करू नका.

*दुसरी चाळणी आपल्या शीटमध्ये.* आलेल्या नोंदींवर आपण क्वेरी चालवतो.

या दोन्हींच्या मध्ये 'लिमिट' बसलेली असते. लिमिट म्हणजे एका वेळी किती नोंदी पाठवायच्या. काही सांगितलं नाही तर दहाच येतात. हंगामात महाराष्ट्रात सोयाबीनच्या नोंदी दहापेक्षा कितीतरी जास्त असतात. सर्व्हर पहिल्या दहा देतो, 'सगळ्यात जास्त भावाच्या दहा' देत नाही. त्या दहांना शीटमध्ये कितीही उतरत्या क्रमाने लावा, उत्तर त्या दहांपुरतंच खरं.

म्हणून नियम लक्षात ठेवा : आधी सगळं आणा, मग क्रम लावा, आणि शेवटी लिमिट लावा.

सगळं आलं की नाही हे कसं कळणार? जेसन स्वरूपात तीच लिंक उघडली तर वरच 'टोटल' आणि 'काउंट' असे आकडे दिसतात. टोटल म्हणजे एकूण नोंदी किती, काउंट म्हणजे तुम्हाला किती मिळाल्या. टोटल १४० आणि काउंट १० असेल तर १३० नोंदी अजून तिकडेच आहेत. लिमिट वाढवा, किंवा 'ऑफसेट' वापरून पुढच्या नोंदी मागवा. ऑफसेट १०० म्हणजे पहिल्या शंभर सोडून पुढच्या द्या.

शीटमध्ये माहिती आणायची कशी?

१. नवीन गूगल शीट उघडा. एका पानाला 'डेटा' नाव द्या.
२. ए१ या घरात 'इम्पोर्टडेटा' फंक्शन लिहून कंसात, अवतरणचिन्हांत तुमची सीएसव्हीची लिंक टाका.
३. माहिती आली की 'उत्तर' नावाचं दुसरं पान उघडा. क्वेरी तिथे लिहायची.

इम्पोर्टडेटाची लिंक चाललीच नाही तर सीएसव्ही फाइल डाउनलोड करून शीट्समध्ये उघडा. पुढचं सगळं तसंच राहतं. लिंक चालत असेल तर शीट उघडी असताना साधारण दर तासाला माहिती आपोआप ताजी होते.

पहिली क्वेरी

=क्वेरी(डेटा!ए१:जे, "सिलेक्ट सी, एच, आय, जे व्हेअर बी = 'लातूर' ऑर्डर बाय जे डेस्क", १)

मराठीत वाचू या :

- सिलेक्ट : कोणते रकाने दाखवायचे. इथे बाजार आणि तिन्ही दर.
- व्हेअर : कोणत्या ओळी ठेवायच्या. इथे फक्त लातूर जिल्हा.
- ऑर्डर बाय : कशावरून क्रम लावायचा. 'डेस्क' म्हणजे मोठ्याकडून लहानाकडे. काही लिहिलं नाही तर लहानाकडून मोठ्याकडे.
- शेवटचा १ : वरची एक ओळ शीर्षकाची आहे, ती मोजू नका.

'फ्रॉम' कुठे गेलं? एसक्यूएलमध्ये टेबलाचं नाव सांगायला ते लागतं. इथे डेटा कुठला ते कंसात आधीच सांगितलंय, म्हणून ते गाळलं.

लातूर आणि नांदेड दोन्ही जिल्हे हवे असतील तर :

"सिलेक्ट सी, जे व्हेअर (बी = 'लातूर' ऑर बी = 'नांदेड') अँड डी = 'सोयाबीन' ऑर्डर बाय जे डेस्क लिमिट ५"

कंस विसरू नका. कंस काढला तर 'अँड' आधी जुळतं आणि अर्थ होतो : लातूरचा कुठलाही शेतमाल, किंवा नांदेडचं फक्त सोयाबीन. मग लातूरची तूर आणि हरभरा सोयाबीनच्या यादीत येऊन बसतात. तुरीचा भाव सोयाबीनपेक्षा जास्त, म्हणजे तीच सगळ्यात वर!

शब्दांचा क्रमही ठरलेला आहे : सिलेक्ट, व्हेअर, ग्रुप बाय, ऑर्डर बाय, लिमिट. लिमिट आधी लिहिली तर एरर येते.

कोणत्या दराने क्रम लावायचा?

खरी गंमत इथे आहे. खालचे आकडे फक्त समजावण्यासाठी आहेत, खरे भाव नाहीत.

| बाजार | किमान | कमाल | सर्वसाधारण |
|---|---|---|---|
| लातूर | ३,९०० | ४,४५० | ४,३०० |
| औसा | ४,००० | ४,४०० | ४,३२० |
| उदगीर | ४,१०० | ४,३८० | ४,२५० |
| अहमदपूर | ३,००० | ४,३६० | ४,२०० |
| नांदेड | ३,८०० | ४,५०० | ४,१५० |

'ऑर्डर बाय आय डेस्क' केलं, म्हणजे कमाल दराने, तर नांदेड पहिलं. 'ऑर्डर बाय जे डेस्क' केलं, म्हणजे सर्वसाधारण दराने, तर औसा पहिलं आणि नांदेड शेवटचं. डेटा तोच, उत्तर उलटं.

कमाल दर एखाद्या उत्तम, कोरड्या, स्वच्छ मालाला मिळालेला असू शकतो. सर्वसाधारण दर म्हणजे ज्या भावाच्या आसपास जास्तीत जास्त सौदे झाले तो. तुमचा माल चारचौघांसारखा असेल तर तुम्हाला त्याच्याच जवळपास भाव मिळण्याची शक्यता जास्त. म्हणून 'जे' वापरा. मोबाईलवर फिरणाऱ्या 'आजचा उच्चांकी भाव' पोस्टमध्ये बहुतेकदा 'आय' रकाना असतो, हेही ध्यानात ठेवा.

भाडं वजा केलं की चित्र बदलतं

भाव जास्त असून उपयोग काय, जर तो टेम्पोतच गेला? क्वेरीत वजाबाकी करता येते. 'के' रकान्यात प्रत्येक बाजाराचं प्रतिक्विंटल भाडं असेल तर डेटाची हद्द जे ऐवजी केपर्यंत न्या आणि लिहा :

"सिलेक्ट सी, जे - के व्हेअर डी = 'सोयाबीन' ऑर्डर बाय जे - के डेस्क लेबल जे - के 'हातात येणारा भाव'"

समजा तुमचं गाव औसा तालुक्यात आहे. भाडं क्विंटलला औसा ३० रुपये, लातूर ६०, नांदेड १५०. मग हातात येतात : औसा ४,२९०, लातूर ४,२४०, नांदेड ४,०००. वीस क्विंटल माल असेल तर औसा सोडून नांदेडच्या 'उच्चांकी' भावामागे गेलेल्याचे ५,८०० रुपये कमी होतात. हमाली, तोलाई सोडून.

एक धोका : 'के' रकान्यात भाडं हाताने टाईप करू नका. माहिती ताजी झाली की ओळींचा क्रम बदलतो, पण हाताने टाकलेले आकडे जागच्या जागीच राहतात. मग उदगीरचं भाडं नांदेडला चिकटतं. भाड्याची वेगळी यादी करा आणि 'व्हीलुकअप'ने बाजाराच्या नावावरून आणा.

हमीभावाशी तुलना

२०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये होता. त्याआधीच्या हंगामात तो ४,८९२ होता. हमीभावापेक्षा कमी भाव कुठे लागला ते काढायचं असेल तर :

"सिलेक्ट सी, जे, ५३२८ - जे व्हेअर डी = 'सोयाबीन' अँड जे < ५३२८ ऑर्डर बाय जे"

तिसरा रकाना म्हणजे क्विंटलमागे किती कमी मिळाले. गावातल्या ग्रुपमध्ये नुसतं "भाव पडले" म्हणण्यापेक्षा ही यादी टाकली तर बोलण्याला वजन येतं. हमीभावाने विकायचं असेल तर सरकारी खरेदी केंद्रावर वेगळी नोंदणी लागते आणि मालातला ओलावाही तपासतात. ते काम क्वेरी करत नाही.

हमखास होणाऱ्या चुका

१. स्पेलिंग. या डेटात सोयाबीनचं इंग्रजी स्पेलिंग 'एस, ओ, वाय, ए, बी, ई, ए, एन' असं आहे. आपण बहुतेक 'वाय'नंतरचा 'ए' सोडतो. मग एकही ओळ येत नाही आणि वाटतं की आज बाजार बंद होता. अक्षर लहान-मोठं झालं तरी जुळत नाही. 'व्हेअर लोअर(डी) कंटेन्स 'सोया'' हा सुरक्षित मार्ग. 'लोअर' सगळं लहान अक्षरांत करतो आणि 'कंटेन्स' नुसता तुकडा शोधतो.

२. बदललेली नावं. धाराशिव आणि छत्रपती संभाजीनगर शोधताना जुन्या नोंदींत जुनी नावंच असतात. 'ऑर' लावून दोन्ही टाका.

३. आकडा की मजकूर? कधी भाव मजकूर म्हणून येतो. मजकुराच्या हिशेबात ९५० हा ४,३०० पेक्षा मोठा, कारण पहिलं अक्षर ९ आहे! ओळखायची खूण : शीटमध्ये आकडे डावीकडे चिकटलेले दिसले तर ते मजकूर आहेत, उजवीकडे असतील तर खरे आकडे. एका रकान्यात दोन्ही मिसळले असतील तर क्वेरी जे जास्त आहेत ते धरते आणि उरलेल्या घरांना रिकामं समजते. ओळ हरवते आणि एररही येत नाही.

४. तारीख. आपली तारीख दिवस/महिना/वर्ष अशी असते. मजकूर म्हणून क्रम लावला तर ०१/११/२०२५ ही १५/१०/२०२५ च्या आधी येते. शीटच्या सेटिंगमध्ये 'लोकॅल' भारत ठेवा, नाहीतर ०५/११ म्हणजे ११ मे असं शीट समजतं. क्वेरीत तारीख लिहिताना मात्र उलटी : डेट '२०२५-११-०५', म्हणजे वर्ष-महिना-दिवस.

५. सरासरीचा मोह. 'ग्रुप बाय' आणि 'एव्हीजी'ने जिल्ह्याची सरासरी काढता येते. पण या रकान्यांत आवक नाही. दहा क्विंटलचा बाजार आणि दहा हजार क्विंटलचा बाजार इथे सारखेच मोजले जातात. एकाच बाजाराच्या वेगवेगळ्या वाणांच्या दोन ओळीही असू शकतात. ती सरासरी दिसायला छान, कामाला कच्ची.

६. फोनचं अवतरणचिन्ह. व्हॉट्सॲप किंवा नोट्समधून कॉपी केलं की सरळ अवतरणचिन्ह वाकडं होतं आणि फॉर्म्युला एरर देतो. चिन्हं शीटमध्येच परत टाईप करा.

नेहमीचे प्रश्न

आमच्या बाजाराचं नावच दिसत नाही, म्हणजे भाव शून्य?
नाही. त्या दिवशीची नोंद अजून आली नाही, एवढाच अर्थ. सकाळी बघितलं तर थोडे बाजार असतात, नोंदी भरत जातात तसे वाढतात. 'ओळ नाही' आणि 'भाव शून्य' यांची गल्लत करू नका.

शीट मित्राला शेअर करू का?
लिंकमध्ये तुमची एपीआय की असते. ती कोणाला देऊ नका. उत्तराचा स्क्रीनशॉट पाठवा, किंवा फक्त आकडे दुसऱ्या शीटमध्ये पेस्ट करून ती शेअर करा.

हे शिकून पुढे काय उपयोग?
सिलेक्ट, व्हेअर, ऑर्डर बाय, लिमिट हे शब्द खऱ्या एसक्यूएलमध्येही तसेच चालतात. मुलाखतीत जॉइन विचारतील, तो पुढचा टप्पा. पाया हाच.

शेवटी एक सवय

आता मी अप्पांना भाव पाठवण्याआधी चार गोष्टी बघतो : टोटल आणि काउंट जुळतात का, तारीख आजची आहे का, क्रम 'जे' रकान्याने लावलाय का, आणि भाडं वजा केलंय का. चारही असतील तरच मेसेज जातो.

आणि मेसेजच्या शेवटी लिहितो : "अप्पा, निघायच्या आधी आडत्याला एक फोन करा." क्वेरी सांगते ती बाजारात होऊन गेलेली गोष्ट. टेम्पो पोहोचेल तेव्हा काय भाव असेल ते तिथल्या माणसालाच जास्त कळतं.